कॉलेजचं नाव कुठे चालतं आणि कुठे चालत नाही

सीईटीचा निकाल लागतो, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म उघडतो आणि महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकाच प्रश्नावर खल सुरू होतो. नाव असलेलं कॉलेज घ्यायचं की हवी ती ब्रँच? चार वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली मुलगी विचारते, ‘माझ्या कॉलेजचं नाव जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलेलं नाही, मग माझा अर्ज वाचणार कोण?’ तिला ‘नावात काय ठेवलंय, मेहनत कर’ एवढंच सांगून वाटेला लावणं अन्यायाचं आहे. नावाने फरक पडतो आणि काही ठिकाणी फार पडतो. तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हे आधी कळलं तर चार वर्षांची आखणी वेगळी करता येते.

एक कसोटी लक्षात ठेवा. तुमचा अर्ज सगळ्यांत आधी कुणाच्या हाती पडणार आहे आणि तुम्हाला जोखायला त्या माणसाकडे काय असणार आहे? दुसरं काहीच नसेल तर तो कॉलेजचं नाव बघतो. सामायिक परीक्षेचा स्कोअर, उघडून बघता येईल असं काम किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसाचा शब्द यांपैकी एखादी गोष्ट समोर असेल, तर नावाचं वजन झपाट्याने उतरतं. पुढचं सगळं याच कसोटीवर तपासून बघा.

कंपन्या ठरावीक कॉलेजांतच का जातात

आयआयटींमध्ये प्लेसमेंटचा हंगाम डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू होतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या पगाराच्या कंपन्या आपली माणसं उचलून मोकळ्या होतात. सीओईपी, व्हीजेटीआय यांसारख्या जुन्या संस्थांत ऑगस्टपासूनच चांगल्या कंपन्यांची ये-जा सुरू असते. तालुक्याच्या कॉलेजात मात्र सातव्या सेमिस्टरमध्ये एखादी मोठी आयटी सर्व्हिस कंपनी येते, नाहीतर चार कॉलेजं मिळून पूल कॅम्पस होतो.

यामागे कंपनीचा साधा हिशेब आहे. तिला चाळीस मुलं हवी असतात, पाठवायला दोन-तीन मुलाखतकार असतात आणि हाती मोजके दिवस. जेईई मेनला बारा लाखांहून अधिक मुलं बसतात आणि शेवटी 23 आयआयटींमध्ये सुमारे 18 हजार जागा भरतात. एवढी मोठी गाळणी दुसऱ्या कुणी आधीच लावून ठेवली असेल, तर कंपनी ती आयतीच वापरते. पदवीच्या चार वर्षांत मुलगा काय शिकला हे तपासण्यापेक्षा सतराव्या-अठराव्या वर्षी त्याने कोणती परीक्षा काढली यावर भरवसा ठेवणं तिला स्वस्त पडतं. नोकरीच्या पोर्टलवरही भरती करणाऱ्याला संस्थेच्या नावाने अर्ज गाळता येतात. पाचशे अर्जांतून तीस निवडायचे असतील, तर थकलेला माणूस ते बटण दाबणारच.

अर्थतज्ज्ञ शीतल सेखरी यांचा भारतीय कॉलेजांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या कटऑफच्या जरासे वर राहिल्यामुळे नामांकित सरकारी कॉलेजात गेलेली मुलं आणि जरासे खाली राहिल्यामुळे बाहेर राहिलेली मुलं यांची त्यांनी तुलना केली. पदवी परीक्षेच्या गुणांत नामांकित कॉलेजामुळे काही भर पडलेली दिसली नाही, पण पगार मात्र जास्त मिळत होते. म्हणजे बाजार शिकवण्याचे पैसे देत नव्हता, नावाचे देत होता. मी हे कुणाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. लहान कॉलेजात शिकल्यामुळे आपण कमी शिकलो, असा जो न्यूनगंड मुलं वर्षानुवर्षं बाळगतात, त्याला निदान या अभ्यासात तरी आधार सापडत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न जास्त खोलवर तपासला गेला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 मध्ये दाखवलं की सारख्याच तोडीची, सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुलं घेतली, तर नावाजलेल्या आणि कमी नावाजलेल्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्यांच्या पुढच्या सरासरी कमाईत फारसा फरक राहत नाही. 2023 मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगच्या आठ आणि त्यांच्या तोडीच्या चार अशा बारा संस्थांचा अभ्यास केला. सरासरी कमाईवर तिथेही परिणाम थोडाच आढळला. पण प्रतिष्ठित कंपनीत नोकरी मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट आणि नामवंत संस्थेत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झालेली दिसली. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होतं. बरं आयुष्य जगण्यापुरती कमाई करायला नाव लागत नाही, पण अगदी वरच्या मोजक्या दारांवर ते अजून विचारलं जातं. मॅनेजमेंट कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, मोठ्या लॉ फर्म ही ती दारं. आपल्याकडेही याच क्षेत्रांत ठरावीक आयआयएम, ठरावीक राष्ट्रीय विधी विद्यापीठं अशा मोजक्या संस्था सोडून भरती क्वचितच होते.

डेल-क्रूगर यांच्या अभ्यासांतला एक अपवाद आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्यांचे आईवडील शिकलेले नव्हते किंवा घरची परिस्थिती बेताची होती, अशा मुलांना नावाजलेल्या कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. कारण उघड आहे. ज्याचा मामा कंपनीत मॅनेजर आहे त्याला ओळखी घरातूनच मिळतात. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा तोच पहिला, त्याला ओळखी कॉलेजातच मिळवाव्या लागतात. म्हणून घरातून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं थोडं वेगळं आहे. फी परवडत असेल आणि नावाजलेल्या सरकारी संस्थेत नंबर लागत असेल, तर गावाजवळचं कॉलेज सोयीचं पडतं म्हणून ती जागा सोडू नका. त्या वर्गातले मित्र आणि त्या संस्थेचे माजी विद्यार्थी हीच तुमची पुढची वीस वर्षांची शिदोरी असते.

कॅम्पसला कंपनी येत नसेल तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तिच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत, किंवा येतात त्या वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज देणाऱ्या.

पहिली गोष्ट, तेच पॅकेज देणाऱ्या कंपन्यांतही वरच्या पायऱ्या असतात. टीसीएस आपल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निन्जा, डिजिटल आणि प्राइम अशा वेगवेगळ्या श्रेणींत मुलं घेते आणि त्यांच्या पगारात मोठं अंतर असतं. ही परीक्षा कुठल्याही कॉलेजातल्या मुलांना देता येते. इन्फोसिसही कोडिंग स्पर्धेतून वेगळ्या पगाराची पदं भरत आली आहे. कॉलेजच्या नावाने बंद असलेलं दार इथे स्कोअरने उघडतं. मात्र अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी 60 टक्के आणि हातात एकही केटी, म्हणजे नापास झालेला विषय, शिल्लक नसणं अशी अट घालतात. दुसऱ्या वर्षी राहिलेला गणिताचा एम-थ्री चौथ्या वर्षापर्यंत अंगावर वागवणारी मुलं कंपनीला कॉलेजचं नाव वाचायची वेळच येऊ देत नाहीत. आधी केटी काढा, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट कामाची. रेझ्युमेत प्रोजेक्टच्या नावाखाली फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम किंवा लायब्ररी मॅनेजमेंट लिहिलेलं असेल, तर मुलाखत घेणारा पान उलटतो, कारण तेच त्याने त्या आठवड्यात वीस वेळा वाचलेलं असतं. गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब मोबाइलवर आणून दाखवा आणि तो तिथे सहा महिने खरोखर चालवा. पतसंस्थेच्या आवर्त ठेवींचा गोंधळ सोडवून द्या. मेकॅनिकलवाल्यांनी जवळच्या एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये जावं. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. एखाद्या कास्टिंगचं रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणलं, हे आकड्यासह आणि मालकाच्या फोन नंबरासह सांगता आलं, तर समोरचा माणूस पुढे सरकून बसतो. असं काम मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजच्या मुलाकडे बहुधा नसतं, कारण त्याला ते करण्याची गरजच पडलेली नसते.

तिसरी गोष्ट, नामांकित संस्थांनी बाहेरच्या मुलांसाठी स्वतःच उघडलेल्या वाटा. आयआयटी मुंबईचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प दर उन्हाळ्यात फेलोशिप देतो आणि निवड करतो ती दिलेलं काम करून दाखवणाऱ्यांतून. तिथलाच ई-यंत्र प्रकल्प रोबोटिक्सची स्पर्धा घेतो, तिच्यात देशभरातल्या कॉलेजांचे संघ उतरतात आणि चांगली कामगिरी करणाऱ्यांना इंटर्नशिप मिळते. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. साधारण नोव्हेंबरच्या सुमारास तिचे अर्ज भरले जातात आणि निवड झाली की दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं. गूगल समर ऑफ कोड 2005 पासून सुरू आहे. तिथे तुमचा प्रस्ताव आणि त्याआधी त्या प्रकल्पात केलेलं योगदान पाहतात. यांपैकी एक ओळ जरी रेझ्युमेत आली, तरी वाचणाऱ्याची नजर कॉलेजच्या नावावरून तिच्याकडे वळते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत याची सुरुवात करा. चौथ्या वर्षी फार उशीर झालेला असतो.

आणि चौथी गोष्ट ओळखीची, जिच्याकडे मराठी मुलं संकोचापोटी पाठ फिरवतात. कंपनीतल्या माणसाने रेफर केलेला अर्ज वेगळ्या ढिगात जातो. त्यासाठी नातेवाईक असावा लागत नाही. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं नाव टाका आणि गेल्या पाच-सहा वर्षांत बाहेर पडलेले सीनियर शोधा. त्यांना ‘सर, जॉब असेल तर सांगा’ असा निरोप पाठवू नका, त्याला उत्तर देणं कुणालाच जमत नाही. एका ओळीत तुम्ही कोण, एका ओळीत तुम्ही केलेल्या कामाची लिंक, एका ओळीत त्या कंपनीतलं नेमकं कोणतं पद आणि त्याचा जॉब आयडी. एवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि पुढे पाठवायला तेवढंच. दहा जणांना लिहिलंत तर दोघं उत्तर देतील. त्यावर समाधान मानून पुढच्या दहांना लिहा.

पैसे घेऊन नोकरी लावून देणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’पासून मात्र चार हात दूर राहा. उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागणारी नोकरी ही नोकरीच नसते.

पहिली नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत चित्र पालटतं. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत ‘आधीच्या कंपनीत काय केलंस?’ यावर तासभर बोलणं होतं, कॉलेजचं नाव रेझ्युमेच्या तळाशी सरकलेलं असतं. म्हणून पहिल्या नोकरीत पॅकेजच्या आकड्याबरोबर काम कोणतं मिळणार हेही विचारा.

जिथे परीक्षाच न्याय करते

स्पर्धा परीक्षांच्या वाटेवर कॉलेजच्या नावाची चिंता सोडून द्या. यूपीएससी, एमपीएससीच्या गुणवत्ता यादीत कॉलेजसाठी रकाना नाही. सीएच्या परीक्षेतही नाही.

गेटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 100 गुणांची ही परीक्षा, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर आयआयटी, एनआयटींत एम.टेक.ला प्रवेश मिळतो आणि एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या सार्वजनिक कंपन्यांनी वर्षानुवर्षं त्यावर भरती केली आहे. इथेही नावाला एक सवलत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आयआयटीतून 8 किंवा अधिक सीजीपीए घेऊन बी.टेक. झालेल्याला आयआयटीच्या एम.टेक.साठी गेटची अट नसते. पण बाकी सगळ्यांसाठी गेट हा सरळ रस्ता आहे. गेट देऊन मुंबई किंवा खरगपूरला एम.टेक. केलेल्या मुलाच्या रेझ्युमेत सगळ्यात वर आता आयआयटीचं नाव असतं आणि प्लेसमेंटच्या दिवशी तोही त्याच इमारतीत बसलेला असतो. काही कंपन्या फक्त बी.टेक.वाल्यांना घेतात, तरीही ही झेप मोठीच आहे. ज्यांना बारावीत जेईई जमली नाही, त्यांच्यासाठी चार वर्षांनी आलेली ही दुसरी संधी आहे, आणि माझ्या मते लहान कॉलेजातल्या इंजिनिअरसाठी आजही सगळ्यांत कमी खर्चाची. विज्ञान शाखेत हेच काम आयआयटींची जॅम परीक्षा करते.

एमबीएच्या बाबतीत मुलांच्या डोक्यात मोठा गैरसमज असतो. आयआयएम अहमदाबादचं निवडीचं सूत्र उघड आहे. त्यात कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव अशा गोष्टी मोजल्या जातात, कॉलेजच्या नावाला त्यात गुण नाहीत. म्हणजे कॉलेजपेक्षा दहावीचे टक्के जास्त आड येऊ शकतात. दहावीत 65 टक्के असतील, तर अर्ज कुठे करायचा हे प्रत्येक संस्थेचं सूत्र वाचून ठरवा, कारण ती वेगवेगळी असतात. मुंबईचं जमनालाल बजाज राज्याच्या सीईटीवर प्रवेश देतं आणि त्याची फी मोठ्या आयआयएमच्या तुलनेत खूपच कमी आहे.

परदेशात शिकायला जाताना

इथे बऱ्याच मुलांची एक चिंता मुळातच चुकीच्या जागी असते. ‘अमेरिकेतल्या प्रोफेसरला आमचं कॉलेज कुठे माहीत असणार?’ त्याला तुमचं कॉलेज माहीत नसतंच, पण शेजारच्या गाजलेल्या कॉलेजाचं नावही त्याला बहुधा माहीत नसतं. महाराष्ट्रातली बहुसंख्य कॉलेजं विद्यापीठांशी संलग्न आहेत आणि पदवी देतं ते विद्यापीठ. त्यामुळे बाहेरच्या प्रवेश समितीसमोर तुम्ही मुंबई विद्यापीठाचे किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे पदवीधर असता. जर्मनीचा अनाबिन हा माहितीसंग्रह परदेशी संस्थांना मान्यतेनुसार दर्जा देतो आणि जर्मन विद्यापीठं तो पाहतात. तुमची पदवी देणारी संस्था त्यात ‘एच प्लस’ आहे का, हे अर्ज करण्याआधी स्वतः बघा. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो. ब्रिटनमधली काही विद्यापीठं मात्र भारतीय संस्थांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या टक्केवारीची अट घालतात. तिथे नाव थेट आड येतं, म्हणून त्यांच्या वेबसाइटवरचं भारताचं पान अर्जाआधी वाचा. तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांसाठी अमेरिकेतली काही विद्यापीठं सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट लावतात, तिथे तर अडचण कॉलेजच्या नावाची नसून वर्षांची असते.

मग आयआयटीच्या मुलांना परदेशात एवढे प्रवेश का मिळतात? एक म्हणजे ते नाव खरंच बाहेर पोचलेलं आहे. त्या विभागात आधी येऊन चांगलं काम करून गेलेले आयआयटीचे विद्यार्थी समितीला आठवतात. पण त्याहून मोठं कारण शिफारसपत्राचं आहे. तिथल्या प्राध्यापकाला प्रवेश समितीतलं कुणीतरी ओळखत असतं, त्याचे शोधनिबंध वाचलेले असतात, म्हणून त्याने ‘हा मुलगा चांगला आहे’ लिहिलं तर त्याला वजन येतं. पीएच.डी.च्या प्रवेशात हे पत्र इतर सगळ्या कागदांवर भारी पडू शकतं.

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत मुलगा स्वतःच तीन पत्रं लिहितो आणि सर सही करतात. तिन्ही पत्रांत तीच विशेषणं, तीच इंग्रजी वाक्यं. अशी हजारो पत्रं वाचलेल्या समितीला ती ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हे बदलणं तुमच्या हातात आहे. तिसऱ्या वर्षापासून एका प्राध्यापकाबरोबर खरं काम करा. मग ते लिहू शकतील की सत्तर मुलांच्या वर्गात ही मुलगी पहिल्या तिघांत होती, प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं उपकरण तिने स्वतः दुरुस्त करून वापरलं, तिच्या प्रोजेक्टमध्ये अमुक चूक सापडल्यावर तिने महिनाभर पुन्हा मोजमापं घेतली. अनोळखी कॉलेजच्या अनोळखी प्राध्यापकाचं असं पत्रही वाचलं जातं, कारण त्यात माणूस दिसतो. दुसरं पत्र उन्हाळी फेलोशिपमधल्या शास्त्रज्ञाचं मिळवा. वर सांगितलेल्या फेलोशिपांचा खरा फायदा हाच आहे. तिथले आठ आठवडे नीट वापरले, तर ज्याचं नाव बाहेर ओळखतात असा एक माणूस तुमच्याबद्दल लिहायला तयार होतो.

पॉइंटरचंही तसंच. आपल्या विद्यापीठांत 7.8 पॉइंटर वर्गात दुसरा असू शकतो, पण बाहेरच्या माणसाला तो सामान्य वाटतो. विभागप्रमुखांकडून वर्गातल्या क्रमांकाचं पत्र घ्या आणि अर्जाला जोडा. हा एक कागद अनेक मुलं विसरतात.

अमेरिकेत प्राध्यापक होण्याचं स्वप्न असेल, तर मात्र पीएच.डी. कुठून करता याचा विचार पूर्ण गांभीर्याने करा. ॲरन क्लॉसेट आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की कॉम्प्युटर सायन्स, व्यवस्थापन आणि इतिहास या तीन विषयांत फक्त एक चतुर्थांश विद्यापीठांतून 71 ते 86 टक्के कायमस्वरूपी नेमणुकीच्या वाटेवरचे (टेन्युअर-ट्रॅक) प्राध्यापक येतात. कॉलेजच्या नावाचं ओझं सगळ्यांत जास्त कुठे असेल, तर ते याच क्षेत्रात. पदवी कुठून घेतली हे तिथे मागे पडतं, पीएच.डी. कुठून केली हे मात्र आयुष्यभर सोबत राहतं.

ऑप्शन फॉर्म भरणाऱ्या पालकांसाठी

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीतल्या क्रमांकाकडे बघताना दोन गोष्टी माहीत हव्यात. इंजिनिअरिंगच्या यादीत दहा टक्के गुण केवळ ‘लोकांचं मत काय आहे’ याला असतात आणि तीस टक्के संशोधनाला, ज्याचा बी.टेक.च्या मुलाशी थेट संबंध थोडाच येतो. म्हणून 60 वा क्रमांक चांगला की 75 वा, यावर रात्र घालवू नका. त्याऐवजी कॉलेजने एनआयआरएफला दिलेली माहिती उघडा, ती सार्वजनिक असते. किती मुलं प्रवेश घेऊन वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे सगळं तिथे वर्षानुसार असतं. मध्यक म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा पगार. होर्डिंगवर लावलेलं 42 लाखांचं पॅकेज एका मुलाचं असतं, मधल्या मुलाचा पगार तुमच्या मुलाला मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’मध्ये अनेकदा फक्त पात्र ठरलेल्या मुलांचीच गणती केलेली असते. प्रवेश घेतलेली किती, प्लेसमेंटला नाव नोंदवलेली किती आणि ऑफर लेटर प्रत्यक्ष हातात पडलेली किती, असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला, म्हणजे टीपीओंना विचारा आणि मग कँटीनमध्ये बसलेल्या फायनल इयरच्या मुलांनाही विचारा.

ब्रँच की कॉलेज, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. जुनी सरकारी किंवा अनुदानित संस्था मिळत असेल आणि मुलाला त्या विषयाचा तिटकारा नसेल, तर सिव्हिल किंवा मेटलर्जी घेऊनही तिथे जावं. तिथे येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या सगळ्या ब्रँचच्या मुलांना बसू देतात आणि गेटची वाट तर उघडीच असते. पण दोन्ही पर्याय मध्यम प्रतीच्या खासगी कॉलेजांचे असतील, तर दोन-चार टक्के कटऑफच्या फरकासाठी ब्रँच सोडू नका. तेवढ्या फरकाची कंपन्या दखलही घेत नाहीत.

आणि मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकू नका. घराला पेलणार नाही असं कर्ज फक्त नावासाठी काढू नका. कर्जच घ्यायचं असेल, तर नाव इथेही काम करतं हे लक्षात घ्या. स्टेट बँकेची स्कॉलर लोन योजना संस्थांच्या श्रेणी पाडते आणि त्यानुसार अटी ठरतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत एनआयआरएफच्या आधारे निवडलेल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. मुलाची संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेश पक्का करण्याआधी बघा. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकारने माफ केलं आहे. लांबच्या चांगल्या कॉलेजची फी परवडत नाही म्हणून मुलीला जवळ ठेवण्याचं निम्मं कारण त्यामुळे उरत नाही.

शेवटचं सांगणं आहे ते लहान कॉलेजांतून निघून आज चांगल्या जागी पोचलेल्यांना. आयआयटीची मुलं एकमेकांना हात देतात, म्हणून त्या नावाला आज एवढं वजन आहे. तुमच्या कॉलेजच्या नावाला वजन आणणं तुम्हालाच शक्य आहे. एखाद्या ज्युनियरचा लिंक्डइनवर निरोप आला तर उत्तर द्या, त्याचा रेझ्युमे वाचून दोन चुका दाखवा, लायक वाटला तर रेफर करा. वर्षातून एकदा कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी दोन तास बोला. कंपनीची भरती तुमच्या हातात असेल, तर पुढच्या हंगामात भेट देण्याच्या कॉलेजांच्या यादीत एका अनोळखी कॉलेजचं नाव घाला.